लेथवाला विचारतो, ‘किती ठेवू?’

बुलेटचा ब्लॉक गोणपाटात गुंडाळून तुम्ही बोरिंगच्या दुकानात जाता. लेथवाले मामा आतून बोट फिरवतात, वरच्या कडेला नख अडतंय का ते पाहतात आणि विचारतात, ‘‘पिस्टन आणलाय का? किती ठेवू?’’ बहुतेक जण इथं म्हणतात, ‘‘मामा, तुम्हीच बघा. नेहमीचं ठेवा.’’

पण ‘नेहमीचं’ असं काही माप नसतं. मामा विचारतात ते पिस्टन आणि बोअर यांच्यामध्ये सोडायच्या जागेबद्दल, म्हणजे क्लिअरन्सबद्दल. ही जागा केसाच्या जाडीएवढी असते, पण इंजिन धूर मारणार का, थंडीत खडखडणार का आणि चढावर धरणार का, हे तीच ठरवते. मी स्वतः एकदा पिस्टनच्या डब्यावरचा आकडा सांगून मोकळा झालो होतो. नव्यानं बांधलेलं ते इंजिन आंबा घाटात चढावर धरलं. खोलून मोजलं तेव्हा हवी होती त्याच्या निम्मीच जागा सापडली. मामांचं काम चोख होतं, मी दिलेला आकडा चुकीचा होता. तेव्हापासून एक नियम पाळतो: आधी पिस्टन घ्यायचा, तो मोजायचा आणि मगच बोअर कापायला द्यायचा.

हा लेख त्या मोजण्याबद्दल आणि पिस्टन बसवण्याआधीच्या तयारीबद्दल आहे. उदाहरणासाठी आपल्याकडच्या रस्त्यांवर अजूनही भरपूर दिसणारं जुनं कास्ट आयर्न इंजिन घेतलं आहे: बुलेट ३५०, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. रीत मात्र कुठल्याही इंजिनाला लागू पडते.

जागा ठेवायची कशासाठी?

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ७० मिमी व्यासाचा पिस्टन तापमान १०० अंशांनी वाढलं की सुमारे ०.१४ मिमी वाढतो, तेवढ्याच तापमानाला बोअर वाढतं फक्त ०.०७ मिमी. त्यातून पिस्टन ज्वाळेच्या तोंडाशी असतो आणि ब्लॉकला बाहेरून वारा लागतो, त्यामुळे पिस्टन तापतोही जास्त. थंड इंजिनात ठेवलेली जागा गरम इंजिनात आवळत जाते. शेवटी ऑइलच्या पापुद्र्यापुरती जागा उरायला हवी. ती उरली नाही की ॲल्युमिनियम भिंतीला घासून चिकटतं आणि पिस्टन धरतो.

उलट जागा जास्त झाली तर पिस्टन बोअरमध्ये डोलतो. सकाळी पहिल्या किकला टकटक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती विरते, ते याचंच लक्षण. पिस्टन डोलला की रिंगाही भिंतीवर सरळ टेकत नाहीत. ऑइल वर चढतं, निळा धूर येतो आणि नवी रिंग अकाली झिजते.

पिस्टन गोल नसतो

हे समजलं की मोजण्यातली निम्मी चूक टळते. पिस्टन वरून गोल दिसतो, पण तो मुद्दाम किंचित लंबगोल घासलेला असतो. गजन पिनच्या दिशेनं तो कमी भरतो आणि पिनला काटकोनात जास्त. पिनच्या बाजूला धातू जाड असतो, तापल्यावर तिकडं जास्त फुगतो आणि पिस्टन गोलाईकडे येतो. शिवाय तो उभ्यातही निमुळता असतो. डोकं सगळ्यात जास्त तापतं म्हणून तिथं व्यास कमी, खाली स्कर्टकडे तो वाढत जातो.

म्हणून डोक्यावर किंवा रिंगांच्या पट्ट्यात घेतलेलं माप क्लिअरन्ससाठी बिनकामाचं. माप घ्यायचं स्कर्टवर, पिनला काटकोनात आणि कंपनीच्या कागदावर लिहिलेल्या उंचीवर. ही उंची सहसा स्कर्टच्या खालच्या कडेपासून काही मिलिमीटर वर असते आणि पिस्टनागणिक बदलते, म्हणून डब्यातला कागद फेकू नका. स्कर्टवर काळा लेप असेल तर माप लेपावरून घ्यायचं की लेप नसलेल्या जागी, हेही त्याच कागदात पाहा.

हत्यारं कोणती हवीत?

५० ते ७५ मिमीचा बाहेरचा मायक्रोमीटर, डायल असलेला बोअर गेज, फिलर गेजची जुडी आणि वही. एवढं पुरतं. व्हर्नियर कॅलिपर इथं चालत नाही. त्याची अचूकता आपल्याला हव्या असलेल्या फरकाच्या जवळ जाते आणि बोअरमध्ये त्याचे जबडे बरोबर मध्यावर बसले की नाही हे कळत नाही.

हत्यारं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. शिरोली, चाकण, अंबड, वाळूज अशा एखाद्या एमआयडीसीत क्वालिटीला काम करणारा ओळखीचा माणूस बहुतेकांकडे असतो. त्याच्यासोबत एक संध्याकाळ काढा. मायक्रोमीटर वापरण्याआधी त्याच्यासोबत आलेल्या ५० मिमीच्या दांडीवर शून्य तपासा. घट्ट करताना दांडा पिळू नका, मागच्या रॅचेटनं तीन वेळा कट्कट् वाजू द्या. जोर प्रत्येक वेळी सारखा लागला तरच मापं एकमेकांशी ताडून पाहता येतात.

उन्हाचं माप वेगळं, सावलीचं वेगळं

मोजमापाचं जगभर मानलेलं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे मे महिन्यात गॅरेजमध्ये ४० अंश असतात. बोअर आणि पिस्टन दोन्ही एकाच तापमानाला असतील तर या २० अंशांमुळे क्लिअरन्समध्ये पडणारा फरक ०.०१५ मिमीच्या आत राहतो. खरा घात होतो तो दोन्हींचं तापमान वेगळं असलं की. ब्लॉक धुऊन उन्हात वाळवलेला, पिस्टन डब्यात सावलीत. किंवा पिस्टन दहा मिनिटं हातात धरून बोलत उभे राहिलात. सहा अंशांनी तापला तरी तो जवळजवळ ०.०१ मिमी वाढतो.

उपाय सोपा आहे. ब्लॉक, पिस्टन आणि हत्यारं रात्रभर एकाच खोलीत एकाच टेबलावर ठेवा आणि सकाळी लवकर मोजा. पिस्टन कापडानं धरा.

बोअर कसं मोजायचं?

ब्लॉक धुऊन, कार्बन खरवडून, कोरडा करून घ्या. माप तीन उंचींवर घ्यायचं: वरच्या रिंगच्या प्रवासाच्या टोकाशी, मध्यात आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांना: पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे. एकूण सहा आकडे. गेज बोअरमध्ये घालून हलकेच पुढंमागं डोलवा. काटा ज्या सर्वांत लहान आकड्यावरून उलटा फिरतो, तेच खरं माप.

झीज सहसा वरच्या भागात आणि पुढच्या-मागच्या दिशेला जास्त असते. पॉवर स्ट्रोकमध्ये क्रँक पुढं फिरताना कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि पिस्टनला मागच्या भिंतीवर रेटतो, म्हणून मागची बाजू अधिक झिजते. याचा हिशोब साईज ठरवताना धरावा लागतो. समजा मूळच्या ७० मिमीच्या बोअरमध्ये पुढं-मागं ७०.१९ भरले. वाटतं, ०.२५ च्या साईजमध्ये सहज साफ होईल. पण ती सगळी झीज एकाच भिंतीला असेल तर मूळचं केंद्र न हलवता ती भिंत साफ करायला व्यास ७०.३८ पर्यंत न्यावा लागेल. म्हणजे ०.२५ पुरणार नाही, ०.५० लागेल. पिस्टन आणायच्या आधी लेथवाल्याला ब्लॉक दाखवून कोणती साईज साफ बसेल ते विचारून घ्या. पिस्टन आणल्यावर कळलं तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

आता आकडा

साईजचा शिक्का म्हणजे पिस्टनचं माप, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. ‘०.५०’ असं कोरलेल्या पिस्टनचा स्कर्ट ७०.५० भरेलच असं नाही. पुष्कळदा शिक्का तयार बोअरचं माप सांगतो आणि क्लिअरन्स पिस्टनमधून आधीच वजा केलेली असते. किती वजा केली, हे बनवणाऱ्यानुसार वेगळं असतं.

दोन पिस्टन घ्या, दोन्ही ०.५० चे. कागदावर सांगितलेली क्लिअरन्स समजा ०.०८ मिमी आहे. पहिल्याचा स्कर्ट भरला ७०.४२, तर बोअर हवं ७०.५०. दुसऱ्याचा भरला ७०.४६, तर बोअर हवं ७०.५४. हा दुसरा पिस्टन ७०.५० च्या बोअरमध्ये घातला की उरते फक्त ०.०४, बरोबर निम्मी जागा. आंबा घाटात माझं हेच झालं होतं.

हिशोब एका ओळीचा आहे: स्कर्टचं प्रत्यक्ष माप अधिक ठरलेली क्लिअरन्स म्हणजे तयार बोअर. क्लिअरन्सचा आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरून किंवा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल मूळ पिस्टनसाठी लिहिलेलं असतं. पिस्टन दुसऱ्या मिश्रधातूचा किंवा फोर्ज केलेला असेल, तर त्याच्यासोबतचा कागदच मानायचा. फोर्ज केलेला पिस्टन साधारणपणे ओतीव पिस्टनपेक्षा जास्त जागा मागतो.

जुने लेथवाले थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. तुमचा ०.०८ म्हणजे तीन थाऊंहून थोडा जास्त. दोन्ही आकडे लिहून द्या, म्हणजे ऐकण्यात गडबड होणार नाही. चिठ्ठी अशी असावी: पिस्टन स्कर्ट ७०.४२, क्लिअरन्स ०.०८, होनिंगनंतरचं तयार बोअर ७०.५०. ‘होनिंगनंतर’ हा शब्द विसरू नका. होनिंगही धातू काढतं, त्यामुळे बोरिंग थोडं आधी थांबवून शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी ठेवावे लागतात. चिठ्ठीबरोबर पिस्टनही दुकानात ठेवा.

ब्लॉक परत आल्यावर

पुन्हा सहा आकडे घ्या. यावेळी एक युक्ती वापरा: मायक्रोमीटर पिस्टनच्या स्कर्टवर लावून लॉक करा आणि बोअर गेजचं शून्य त्याच्यावरच जुळवा. मग बोअरमध्ये काटा जे दाखवेल ती थेट क्लिअरन्स. मायक्रोमीटरमध्ये थोडी चूक असली तरी ती दोन्ही बाजूंना सारखीच येते आणि कटते.

सहाही आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. बोअर वर मोठं आणि खाली लहान, किंवा एका दिशेला जास्त भरलं, तर ब्लॉक परत घेऊन जा. चांगला कारागीर यात अपमान मानत नाही. भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा एकमेकींना साधारण ४५ ते ६० अंशांत छेदणाऱ्या दिसाव्यात. त्या रेघांमध्येच ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात.

मग धुणं. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत अडकलेली असते आणि पेट्रोल किंवा रॉकेलनं ती नीट निघत नाही. गरम पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश घेऊन भांडं घासावं तसं बोअर घासा. पांढरं कापड फिरवल्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत थांबू नका. कोरडं करून लगेच ऑइलचा हात फिरवा. बिडाला गंज चढायला फार वेळ लागत नाही आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही.

पिस्टनची तयारी

नवा पिस्टन डब्यातून थेट इंजिनात जाऊ नये. भिंगाखाली कडा पाहा. डोक्यावरच्या व्हॉल्व्हच्या खाचा, स्कर्टची खालची कड आणि पिनच्या भोकाच्या कडा इथं यंत्रकामाची बारीक धार राहिलेली असते. डोक्यावरची टोकदार कड फार तापते आणि पेट्रोल वेळेआधी पेटवू शकते. ही धार ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच मोडा. धार मोडायची, आकार बदलायचा नाही. रिंगांच्या खाचांना आणि स्कर्टच्या घासणाऱ्या भागाला पेपर लावू नका.

जुना पिस्टन, पिन आणि रिंगा एकत्र वजन करा. नव्या संचाचंही वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचा तोल ठरावीक वजन धरून साधलेला असतो, नवा संच बराच जड किंवा हलका असला तर थरथर बदलते. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही संचांचं वजन एकमेकांशी जुळवून घ्यावं.

गजन पिन हातानं सरकली पाहिजे. सरकत नसेल तर पिस्टन गरम पाण्यात ठेवा, तो फुगला की पिन अलगद जाते. हातोडीनं ठोकाल तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका आहे.

रिंगा

रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्यानं खाली ढकला, म्हणजे ती सरळ बसते. दोन टोकांमधली फट फिलरनं मोजा. साध्या रस्त्यावरच्या इंजिनासाठी व्यासाच्या दर २५ मिमीला सुमारे ०.१० मिमी हा जुना हिशोब आहे. ७०.५० मिमीला तो ०.२८ येतो. कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि बोअरवर चरे पडतात. वाढवायची असेल तर बारीक कानस एकाच टोकाला, बाहेरून आत या दिशेनं फिरवा आणि धार मोडा.

इथं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोअर ०.०१ मिमीनं वाढलं की रिंगची फट ०.०३ मिमीनं वाढते. ‘बोअर ठीक आहे, फक्त रिंगा टाका’ हा सल्ला याच गणितावर तपासा. बोअर वर ०.१५ मिमी जास्त झिजलेलं असेल तर प्रत्येक फेरीत रिंगची फट वर-खाली जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरनं बदलत राहील. अशा बोअरमध्ये नवी रिंग घालण्यात पैसे वाया जातात.

रिंग खाचेत मोकळी फिरते का पाहा. ‘टॉप’ किंवा ‘टी’ असं कोरलेली बाजू वर ठेवा. तिन्ही फटी एकमेकींपासून साधारण १२० अंशांवर फिरवा. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र रिंगच्या खाचेत खुंटी असते, रिंगची टोकं त्या खुंटीशीच बसली पाहिजेत. ती फिरवली तर टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं.

बांधताना

क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबा, म्हणजे सर्क्लिप आत पडणार नाही. सर्क्लिप नेहमी नव्या वापरा आणि त्यांचं उघडं तोंड सरळ वर किंवा खाली येऊ द्या. पिस्टनवर बाण असेल तर तो कागदात सांगितलेल्या बाजूला, बहुतेक वेळा एक्झॉस्टकडे. बुलेटचा एक्झॉस्ट पुढं असतो. स्कर्टखाली क्रँककेसवर खाच पाडलेली लाकडी पट्टी सरकवली की पिस्टन स्थिर राहतो आणि एकट्यानंही ब्लॉक उतरवता येतो. रिंगा आवळणारा पट्टा लावा, सगळीकडं ऑइल लावा. ब्लॉक स्वतःच्या वजनानं खाली यायला हवा. कुठं अडला तर थांबा आणि पाहा. दाबून बसवलेल्या ब्लॉकखाली बहुतेकदा तुटलेली रिंग निघते.

हेड घासलं असेल, कॅम बदलला असेल किंवा पिस्टनचं डोकं वेगळ्या आकाराचं असेल, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागाही तपासा. व्हॉल्व्हच्या खाचांवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा, हेड जुन्या गॅस्केटसह बांधा, क्रँक हातानं दोन फेऱ्या फिरवा आणि खोलून माती कापा. इनलेटला १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमीच्या आत माती उरली असेल तर पुढं जाऊ नका.

पहिले ५०० किलोमीटर गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये खेचू नका आणि एकाच वेगात तासन्‌तास पळवू नका. पहिलं ऑइल शे-दोनशे किलोमीटरला बदला, रिंगा बसताना निघालेली धातूची पूड त्यात असते.

आणि ती चिठ्ठी फेकू नका. मागे तारीख, किलोमीटर, बोअरचे सहा आकडे, स्कर्टचं माप आणि रिंगांच्या फटी लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवा. काही वर्षांनी हे इंजिन पुन्हा उघडेल. तेव्हा उघडणारा कोण असेल सांगता येत नाही: तुम्ही, तुमची मुलगी किंवा गाडी विकत घेतलेला कुणी. नवी मापं या मापांशेजारी मांडली की कुठं किती झिजलं हे त्याला लगेच दिसेल. आणि लेथवाले मामा जेव्हा विचारतील, ‘‘किती ठेवू?’’ तेव्हा उत्तर कुठून सुरू करायचं हे त्याला ठाऊक असेल.